ट्रॅक्टर-गाडीचे कर्ज मुदतीआधी फेडताना : आधी हिशेब मागा, मग पैसे न्या



द्राक्षाचे, कांद्याचे किंवा उसाचे पैसे हाती आले की घरात पहिला विषय निघतो तो डोक्यावरच्या कर्जाचा. त्यातही ट्रॅक्टरचा किंवा पिकअपचा हप्ता सारखा दारात उभा असतो. तेव्हा तो एकदाचा संपवून टाकावा असे वाटणे साहजिक आहे. विचार चांगलाच आहे. मात्र मुदतीआधी कर्ज फेडायला गेलेल्या अनेकांना फायनान्स कंपनीच्या टेबलावर जो आकडा ऐकावा लागतो, तो घरी वहीत मांडलेल्या आकड्याशी जुळत नाही. मग वाद होतो, चकरा होतात आणि तोवर हातातला पैसा दुसऱ्याच कामाला लागतो. हा आकडा कसा तयार होतो, त्यातले कोणते पैसे देणे भाग आहे आणि कोणते अडवून विचारता येतात, हे या लेखात पाहू.

उदाहरणादाखल एक बागायतदार घेऊ. त्याने पिकअपसाठी ६ लाख रुपये कर्ज काढले. शोरूममधल्या एजंटाने व्याज ९ टक्के सांगितले, मुदत ४ वर्षे, महिन्याचा हप्ता १७,००० रुपये. दोन वर्षे त्याने एकही हप्ता न चुकवता २४ हप्ते भरले, म्हणजे ४ लाख ८ हजार रुपये दिले. द्राक्षाची पट्टी झाल्यावर त्याने हिशेब केला : ६ लाखांतून ४ लाख ८ हजार वजा जाता राहिले १ लाख ९२ हजार. थोडे वरखाली धरून दोन लाखांची तयारी करून तो कंपनीच्या शाखेत गेला. तिथे त्याला मिळालेल्या कागदावर आकडा होता ३ लाख ६९ हजारांचा.

त्याला वाटले आपल्याला लुबाडले. प्रत्यक्षात या वाढीव पावणेदोन लाखांतला बराच मोठा भाग दंडाचा नव्हताच.

मुद्दल इतकी कशी राहते?

एजंटाने सांगितलेले ९ टक्के हे 'फ्लॅट' व्याज आहे. म्हणजे पूर्ण ६ लाखांवर, पूर्ण ४ वर्षे, दर साल ९ टक्के धरायचे. ते होतात २ लाख १६ हजार. मुद्दल मिळवली की ८ लाख १६ हजार, आणि त्याला ४८ ने भागले की १७,००० चा हप्ता. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, ६ लाख रुपये काही चार वर्षे आपल्याकडे राहत नाहीत. शिल्लक मुद्दलावर हिशेब केला तर याच कर्जाचा दर वर्षाला सुमारे १६ टक्के पडतो. नऊ आणि सोळा यांतले अंतर शोरूममध्ये कोणी आपण होऊन सांगत नाही.

आता हप्त्याच्या आत डोकावू. पहिल्या १७,००० रुपयांत सुमारे ८,००० रुपये व्याज असते आणि ९,००० रुपये मुद्दल. पुढे दर हप्त्याला व्याज थोडे थोडे कमी होत जाते आणि शेवटच्या हप्त्यात ते जेमतेम सव्वादोनशे रुपये उरते. म्हणजे व्याजाचा बोजा सुरुवातीच्या काळात जास्त असतो. आपल्या बागायतदाराने दोन वर्षांत दिलेल्या ४ लाख ८ हजारांपैकी १ लाख ५५ हजार व्याजात गेले आणि मुद्दल फिटली फक्त २ लाख ५३ हजार. मुदत निम्मी सरली, पण एकूण व्याजाचा ७२ टक्के भाग देऊन झाला होता आणि ३ लाख ४७ हजार मुद्दल बाकी होती.

यात कंपनीची लबाडी नाही, कमी होत जाणाऱ्या शिल्लकीवरच्या व्याजाचा हिशेब असाच चालतो. मात्र कर्ज घेतानाच हप्त्यांचा तक्ता, म्हणजे प्रत्येक हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती हे दाखवणारा कागद मागून घेतला असता, तर घरबसल्या समजले असते. ज्यांच्याकडे हा तक्ता नाही त्यांनी आजच शाखेत अर्ज देऊन तो मागावा. वाहन-कर्जाच्या फाईलमध्ये विम्याच्या कागदाइतकेच त्याचे मोल आहे.

मुद्दलीच्या वरचे पैसे

कर्ज बंद करण्याच्या हिशेबाला कंपन्यांत 'फोरक्लोजर स्टेटमेंट' म्हणतात. ते तोंडी ऐकू नये, लेखी घ्यावे. त्यात शिल्लक मुद्दलीखाली आणखी काही ओळी असतात.

पहिली ओळ मागच्या हप्त्यापासून पैसे भरण्याच्या दिवसापर्यंतच्या व्याजाची. वरच्या उदाहरणात हे व्याज दिवसाला सुमारे १५२ रुपये पडते, बारा दिवसांचे १,८२४ रुपये. ट्रॅक्टरचे हप्ते सहामाही असतील तर मात्र ही रक्कम चांगलीच फुगते. ४ लाख मुद्दल, १४ टक्के दर आणि मागचा हप्ता भरून ९० दिवस झालेले असतील तर नुसते हे व्याज १३,८०० रुपये होते. शेतकरी म्हणतो हप्ता तर भरला आहे, आणि कंपनी म्हणते तीन महिन्यांचे व्याज चढले आहे. दोघेही खरेच बोलत असतात. एवढे मात्र पाहावे, की व्याज पैसे भरण्याच्या दिवसापर्यंतचेच लावले आहे. महिन्याच्या मध्ये कर्ज फेडले तरी पूर्ण महिन्याचे व्याज घेण्याची पद्धत अयोग्य असल्याचे रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

दुसरी ओळ मुदतपूर्व फेडीच्या आकाराची. खरा वाद इथे होतो. समजा करारात हा आकार ५ टक्के आहे. ३ लाख ४७ हजारांवर ५ टक्के म्हणजे १७,३५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,१२३ रुपये. दोन्ही मिळून २०,४७३ रुपये. मुद्दल, बारा दिवसांचे व्याज आणि हा आकार एकत्र केला की ३ लाख ६९ हजार २९७ ही बेरीज येते, आणि बागायतदाराच्या कागदावर तोच आकडा होता. आपल्या करारात टक्केवारी किती आहे आणि ती कशावर आहे, शिल्लक मुद्दलावर की मूळ कर्जावर, हे आधी वाचावे. मूळ ६ लाखांवर ५ टक्के असते तर १७,३५० ऐवजी ३०,००० मोजावे लागले असते. काही करारांत पहिले सहा महिने किंवा वर्षभर कर्ज बंदच करता येणार नाही अशीही अट असते.

तिसरी ओळ जुन्या थकलेल्या आकारांची. कधीकाळी खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेलेला असतो, वसुलीचा माणूस घरी येऊन गेलेला असतो, विमा संपल्यावर कंपनीने तो परस्पर भरलेला असतो. यातले काहीच त्या वेळी सांगितले जात नाही, सगळे खात्यात साठत जाते आणि कर्ज बंद करताना एकदम पुढे येते. अशा प्रत्येक रकमेची तारीख आणि कारण मागण्याचा आपल्याला हक्क आहे. एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे हप्ता चुकल्याबद्दल व्याजदर वाढवून 'दंडव्याज' घेता येत नाही. ठराविक दंड आकार घेता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तसेच मुदतपूर्व फेडीच्या आकारावर जीएसटी लागत असला तरी चेक न वटल्याच्या दंडावर आणि हप्ता चुकल्याच्या दंड आकारावर तो लागत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २०२२ आणि २०२५ च्या परिपत्रकांतून हे स्पष्ट केले आहे. स्टेटमेंटमध्ये दंडापुढे १८ टक्के दिसले तर तिथेच बोट ठेवावे.

याउलट काही पैसे आपल्याला परत मिळण्यासारखे असतात. कर्ज देताना घेतलेली अनामत किंवा आगाऊ हप्ता वजा झाला आहे का ते पाहावे. कर्जासोबत कर्जदाराचा जीवनविमा एकरकमी हप्त्याने काढून ती रक्कम कर्जातच मिळवलेली असते. कर्ज लवकर संपले तर उरलेल्या मुदतीचे काही पैसे पॉलिसीच्या अटींप्रमाणे परत मिळू शकतात, पण मागितल्याशिवाय ते कोणी देत नाही. पुष्कळांना असा विमा काढला आहे हेच माहीत नसते.

'रिझर्व्ह बँकेने हा आकार बंद केला ना?'

हा प्रश्न आता सर्रास विचारला जातो. मोबाईलवर फिरणारा निरोप अर्धा खरा असतो. व्याजदर दोन प्रकारचे असतात. एक बदलता, जो बाजारातल्या दराप्रमाणे वरखाली होतो, आणि दुसरा स्थिर, जो करार संपेपर्यंत तोच राहतो. रिझर्व्ह बँकेची बंदी आहे ती बदलत्या दराच्या कर्जांना. व्यक्तींच्या अशा मुदत कर्जांवर मुदतपूर्व फेडीचा आकार घेण्यास बँकांना २०१४ पासून मनाई आहे. २ जुलै २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने याबाबत नव्या सूचना काढल्या आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या बदलत्या दराच्या कर्जांना त्या लागू केल्या. व्यवसायाशिवाय अन्य कारणासाठी व्यक्तीने घेतलेल्या अशा कर्जावर आकार नाही. व्यवसायासाठीच्या कर्जालाही काही प्रकारच्या बँका व वित्त कंपन्यांकडे ही सवलत मिळते, आणि त्यांतल्या काहींकडे ती ५० लाखांपर्यंतच्या कर्जापुरती आहे.

पण ट्रॅक्टर, पिकअप आणि मोटारींची कर्जे, विशेषतः फायनान्स कंपन्यांची, बहुधा स्थिर दराची असतात. त्यांना ही बंदी लागू होत नाही. म्हणून शाखेत जाऊन वाद घालण्याआधी करारात 'स्थिर' लिहिले आहे की 'बदलता' हे पाहावे. इंग्रजी करार असेल तर 'फिक्स्ड' की 'फ्लोटिंग' एवढे शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून शोधून घ्यावे.

स्थिर दराच्या कर्जदाराला मात्र दुसरा आधार आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांना कर्जदाराला समजेल अशा भाषेत 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर, हप्त्यांचा तक्ता आणि सर्व आकार लिहिलेले असतात. या विवरणपत्रात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून मुदतीत कधीही घेता येत नाही. नवे वाहन घेणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी हे पत्र मराठीत मागावे आणि मुदतपूर्व फेडीची ओळ तिथेच वाचावी. गाडीचा रंग ठरवायला आपण दोन दिवस घेतो आणि पंचवीस-तीस सह्या मात्र दहा मिनिटांत करतो. त्या सह्यांना थोडा वेळ द्यायला हरकत नाही.

फेडावे की चालू ठेवावे?

आता मुख्य प्रश्न. आकार भरूनही कर्ज लवकर फेडणे परवडते का? उत्तर किती हप्ते राहिले आहेत यावर अवलंबून आहे.

वरच्याच कर्जात २४ हप्ते भरून झाल्यावर पुढचे व्याज सुमारे ६१,००० रुपये राहते. आकार आणि जीएसटी मिळून २०,५०० जातात. म्हणजे फेडले तर ४०,००० रुपये वाचतात. ३६ हप्ते झाल्यावर मुद्दल १ लाख ८७ हजार उरते, पण पुढचे व्याज फक्त १६,६०० असते. आकार ११,००० धरला तर वाचतात साडेपाच हजार, आणि तेवढे तर ती रक्कम बँकेत ठेवून महिन्याला हप्ता काढत राहिले तरी व्याजातून मिळून जातात. ४२ हप्ते झाल्यावर तर उलटेच होते. पुढचे व्याज ४,६०० रुपये आणि आकार ५,७०० रुपये! शेवटच्या सहा महिन्यांत घाईने कर्ज फेडणारा शेतकरी वर हजार-अकराशे रुपये घालून बसतो.

आपला आकार कमी असेल तर हे गणित बदलेल. आकार नसेल तर कधीही फेडले तरी व्याज वाचेलच. रीत मात्र एकच. पुढच्या सर्व हप्त्यांची बेरीज करावी आणि त्यातून आजचा कर्ज बंद करण्याचा पूर्ण आकडा वजा करावा. जी रक्कम उरेल तोच आपला फायदा. ती हजार-दोन हजारांची असेल तर पैसे हाताशी ठेवलेले बरे, कारण पुढच्या हंगामात खते-औषधांसाठी उधारी करायची वेळ आली तर दुकानदाराचे व्याज याहून जड पडते. ज्याच्याकडे सावकारी किंवा जास्त दराचे दुसरे देणे आहे त्याने तर आधी तेच फेडावे. पिकाचे पैसे आले म्हणून नजरेसमोरचा हप्ता संपवायचा आणि मागच्या दाराने महाग उधारी आणायची, हे आपल्याकडे फार होते.

पूर्ण फेड जमत नसेल तर अंशतः मुद्दल भरता येते का ते विचारावे. सोय असल्यास हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्यावी, त्यात व्याज अधिक वाचते. आपल्या उदाहरणातला बागायतदार दोन लाखांत कर्ज बंद करू शकत नव्हता. त्याच्यापुढे हाच मार्ग उरतो, आणि अंशतः भरलेल्या रकमेवरही करारात आकार आहे का, हे त्यालाही विचारून घ्यावे लागेल.

पैसे भरताना आणि भरल्यावर

स्टेटमेंटवर ते कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे लिहिलेले असते. त्या तारखेच्या आत पैसे भरावेत. मध्येच हप्त्याची तारीख येत असेल तर बँकेतून हप्ता आपोआप कापला जातो आणि तीच रक्कम दोनदा जाते. म्हणून हप्ता जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी नवे स्टेटमेंट घेऊन कर्ज बंद करणे सोयीचे. फायनान्स कंपनीला २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख घेता येत नाही. डिमांड ड्राफ्ट काढावा किंवा बँकेतून आर.टी.जी.एस. करावे. वसुलीच्या माणसाच्या हाती रोकड मुळीच देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो.

पैसे भरले म्हणजे काम संपले असे नाही. कर्ज शून्य झाल्याचे पत्र, ना-हरकत दाखला आणि आर.टी.ओ. साठी कंपनीची सही असलेला फॉर्म ३५ घ्यावा. तारण म्हणून दिलेले कोरे चेक मोजून परत घ्यावेत आणि हप्ता कापण्यासाठी बँकेला दिलेला आदेश रद्द करावा. आर.सी. वरचा एच.पी. उतरवल्याशिवाय वाहन दुसऱ्याच्या नावावर होत नाही. विम्याच्या पॉलिसीवरूनही कंपनीचे नाव काढून घ्यावे, नाहीतर अपघातात वाहन पूर्ण गेले तर भरपाईचा चेक त्या नावापाशी अडतो. ही कामे लगेच करावीत, दोन वर्षांनी गिऱ्हाईक दारात आल्यावर नव्हे.

कधी कधी सर्व पैसे भरूनही कंपनी दाखला अडवते. कारण बहुधा असे असते की आपण मेहुण्याच्या किंवा शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेले असतो आणि ते थकलेले असते. करारात तशी तरतूद असेल तर कंपनीला तारण रोखता येते, पण त्यासाठी कोणत्या येण्यापोटी आणि कोणत्या अटीखाली, याची पूर्ण माहिती देणारी लेखी सूचना तिने दिली पाहिजे. तोंडी 'वरून आले नाही' हे उत्तर चालत नाही. घरगुती वापराच्या वैयक्तिक कर्जांबाबत तर पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत द्यावेत, आणि संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

तक्रार करायची झाल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी फी नाही आणि वकील लागत नाही. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. कर्ज पतसंस्थेचे असेल तर मात्र ते रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. अशा वेळी तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात कराराची प्रत, हप्त्यांच्या पावत्या आणि स्टेटमेंट जोडून अर्ज द्यावा.